कै. लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जलालपूर नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथून निघालेलें पाणी पैठण, गंगाखेड करीत आमच्या नांदेडच्या घाटांस लागतें, आणि लातूरकडची मांजराही पुढें ह्याच गोदेस मिळते. तेव्हां जलालपुरास जन्मलेल्या लक्ष्मीबाईंस आम्हीं आपल्याच नदीकांठच्या मानिलें, तर वाचकांनीं रागावूं नये.

त्यांचा जन्म १८६८ सालचा. माहेरचें नांव मनकर्णिका गोखले. सन १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांस, म्हणजे आईच्या वडिलांस, फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें वडिलांच्या मनावर सोंवळ्याओंवळ्याचा असा पगडा बसला कीं, सारें घर त्याखालीं दबून गेलें. मनूस शाळा ठाऊक झाली नाहीं. अकराव्या वर्षीं तिचें लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशीं झालें आणि अक्षरओळख झाली ती पुढें पतीकडून. टिळक संस्कृतज्ञ व कवि होते. फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु स्वभाव मोठा लहरी. राग आला कीं घर सोडून जावें, हातीं पैसा आला कीं पहिल्या गरजवंतास देऊन टाकावा, असा क्रम. संसार कसा चालला असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीस आधीं कांहींएक सांगितलें नव्हतें. धर्म हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे हें खरें. तरी जिच्या गळ्यांत आपण मंगळसूत्र बांधिलें तिला ही वार्ता दुसऱ्याच्या तोंडून कळावी, ह्याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं. त्या काळच्या ब्राह्मण समाजांत अशा स्त्रीची स्थिति विलक्षण होई. नवरा जिवंत, म्हणून कुंकू पुसावयाचें नाहीं. नवरा बाटला, म्हणून त्याच्या घरीं जावयाचें नाहीं. लहानग्या मुलास घेऊन लक्ष्मीबाईंनीं कांहीं वर्षें अशीं आप्तांच्या आश्रयानें काढिलीं. शोक इतका झाला कीं, बाई आतां वांचत नाहींत असें पाहणारांस वाटे. टिळकांचीं पत्रें मात्र येत राहिलीं.

अखेर त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म व आपली चूल स्वतंत्र राखून. टिळकांनीं बळजबरी केली नाहीं. पत्नीच्या सोंवळ्यास त्यांनीं पूर्ण मोकळीक दिली, ही गोष्ट त्यांच्या पदरीं जमा धरली पाहिजे. पुढें बाईंनीं स्वतःच विचार केला कीं, जाति ही देवानें केली कीं माणसानें. आणि उत्तर सांपडतांच कोणाच्याही हातचें पाणी पिण्यास त्या मागें राहिल्या नाहींत. सन १९०० मध्यें त्यांनीं दीक्षा घेतली. अहमदनगरचें त्यांचें घर पुढें अनेकांचें घर झालें. बालकवि ठोमरे तेथें मुलाप्रमाणें राहिले. प्लेगच्या दिवसांत बाईंनीं रोग्यांची शुश्रूषा केली.

मे १९१८ मध्यें बालकवि रेल्वेच्या अपघातांत गेले. ह्या दुःखास पुरतें एक वर्ष होतें न होतें तोंच, ता. ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळकांचा अंत झाला. लक्ष्मीबाईंचें वय तेव्हां एक्कावन्नाच्या आसपास होतें.

मागें राहिलें होतें तें एक अपुरें काव्य. ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावें अशी टिळकांची फार दिवसांची इच्छा होती. ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्याय लिहून झाले आणि लेखणी थांबली. तें पुढें नेणारा एखादा पंडितच हवा असें कोणासही वाटलें असतें. बाईंपाशीं ना संस्कृत, ना शाळेचें शिक्षण. पण ओवी होती. आमच्या मराठवाड्यांत पहांटे जात्याशीं बसलेल्या बायांनीं जी ओवी पिढ्यान् पिढ्या गाइली, माहेराची, विठोबाची, वनवासांतल्या सीतेची, ती कोणी त्यांस शिकविली नव्हती. दळतां दळतां ती मुखीं येई. गेलेल्या माणसाचें नांव ओवींत गुंफून जात्याचा खुंटा फिरवीत राहणें ही आमच्या आयाबायांची रीतच होय. लक्ष्मीबाईंनीं तेंच केलें, फक्त हातीं खुंट्याऐवजीं लेखणी घेतली. एक नव्हे, दोन नव्हे, ६४ अध्याय त्यांनीं लिहिले. पतीनें लिहिले त्याच्या सहापटींहून अधिक. ह्या अवधींत मुलाबरोबर त्या कराचीसही जाऊन राहिल्या. ठिकाण बदललें, काम तेंच.

मध्यंतरीं चिरंजीव देवदत्त ह्यांनीं वडिलांच्या चरित्रासाठीं आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणींचेंच ‘स्मृतिचित्रें’ झालें. १९३४ पासून तें भागाभागांनीं पुस्तकरूपानें निघालें आणि मराठीतील आत्मचरित्रांत अग्रभागीं जाऊन बसलें. आमच्या मतें काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ त्याच्या बरोबरीस येत नाहीं. घरांत बोलावें तशी साधी भाषा, आणि स्वतःस हंसण्याची अशी खुबी कीं, वाचतांना डोळ्यांतलें पाणी ओठांवरच्या हंसण्यांत मिसळून जातें. पतीचा उल्लेख सर्वत्र ‘टिळक’. त्यांचा राग, त्यांचे हट्ट, त्यांनीं आपणांस टाकून जाणें, कांहींच झांकलेलें नाहीं. दोष लपविले असते तर टिळक कदाचित् थोर दिसले असते, पण इतके जवळचे वाटले नसते. विधवेनें दिवंगत पतीविषयीं लिहावें तें केवळ गुणगान, असा तेव्हांचा शिष्टसंकेत होता; बाईंना तो कोणी सांगितला नसावा, किंवा सांगितला तरी त्यांनीं तो मानला नाहीं.

चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाहीं. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें, जन्मगांवापासून हांकेच्या अंतरावर, त्यांनीं देह ठेविला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं देवदत्तांनीं प्रसिद्ध केलें. आरंभींच्या ओंव्या वडिलांच्या आणि त्यांपुढच्या आईच्या, अशी ती पोथी एकाच बांधणींत वाचकांच्या हातीं आली.