रेव्ह. नारायण वामन टिळक

ख्रिस्ती झाल्यानें आपण परके झालों काय, हा प्रश्न राळेगणसिद्धीसारख्या खेड्यांतील एकट्या विश्वासी कुटुंबास छळूं शकतो. टिळकांनींही तें दुःख सोसलें. १८६१ सालीं ब्राह्मणकुळांत जन्मलेल्या टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. अहमदनगरास राहून टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्त गाइला. १९१७ सालीं त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, व त्यांत बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा दिली. १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले. आपली भाषा व आपली माणसें न टाकतां प्रभूचें होतां येतें, हें आम्ही त्यांजपासून शिकतों. म्हणून उपासनेंत टाळ-मृदंग आणण्यास कोणीं संकोचूं नये.