पेन्सिलीचे व्रत : रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीदेखील दिवंगत वडिलांचे किंवा आजोबांचे पेन्सिलीने रेखाटलेले व्यक्तिचित्र बैठकीच्या खोलीत लावण्याची हौस आढळते. जुने छायाचित्र चित्रकाराच्या हाती द्यावयाचे, कागदाचा आकार आणि मोबदला ठरवावयाचा आणि चेहरा हुबेहूब उतरला की समाधानाने चित्र घरी न्यावयाचे, असा हा साधा व्यवहार. अशा चित्रकाराला गावात मान मिळतो, पण कलेच्या इतिहासात त्याच्यासाठी जागा नसते. मागणीबरहुकूम काढलेले चित्र म्हणजे कारागिरी आणि स्वेच्छेने काढलेले तेच काय ते खरे चित्र, अशी विभागणी आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेली आहे. या विभागणीचा फटका ज्यांना सर्वाधिक बसला आणि ज्यांच्या आयुष्याने तिला सर्वांत समर्थ उत्तर दिले, ते चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. घराणे पाठारे प्रभू ज्ञातीचे, मूळ मुंबईशी नाते सांगणारे. परंतु वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने महादेवाचे बालपण आणि शिक्षण करवीरनगरीतच झाले. राजाराम हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा चित्रांकडे अधिक असे. त्या काळच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारखा असामान्य चित्रकार होता. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले आबालाल पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. त्यांच्या कामाचा ठसा या मुलाच्या मनावर उमटला. चित्रकला हे आयुष्यभराचे काम होऊ शकते, याचा जिवंत दाखला आपल्याच गावात पाहावयास मिळणे ही त्या वयात लहान गोष्ट नव्हती.

जानेवारी १८९० मध्ये धुरंधर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे प्रचंड काम ज्यांनी तडीस नेले, तेच हे ग्रिफिथ्स. शाळेचा शिरस्ता कडक होता. रंगाला हात लावण्याआधी विद्यार्थ्याला दीर्घकाळ पेन्सिलीशी झुंजावे लागे. प्रथम सोप्या आकृती, मग प्लॅस्टरचे पुतळे, मग छायाप्रकाश आणि त्यानंतर जिवंत माणूस. अनेकांना हा क्रम जाचक वाटे. धुरंधरांना मात्र त्यातच आपला सूर सापडला. नाकाची ठेवण, पापणीची जाडी, हाताच्या बोटांचा वळसा, बसलेल्या माणसाच्या पाठीवर पडलेला दिवसभराच्या श्रमाचा बाक, हे सारे ते टोकदार पेन्सिलीने टिपू लागले आणि ती सवय पुढे कधीच सुटली नाही.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने हे त्या काळी चित्रकाराचे नाव होण्याचे मोठे ठिकाण होते. तेथे युरोपीय चित्रकारांचा वरचष्मा असे. १८९५ मध्ये धुरंधरांच्या ‘लक्ष्मी, आलीस का?’ या चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि कोल्हापूरहून आलेल्या या तरुणाचे नाव मुंबईत सर्वतोमुखी झाले. लगेच पुढल्या वर्षी, १८९६ मध्ये, ज्या शाळेत ते शिकले तेथेच त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

याच सुमारास मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. शहर ओस पडू लागले. या साथीने धुरंधरांची पत्नी बापूबाई यांना हिरावून नेले. संसार उभा राहतो न राहतो तोच मोडला. पुढे गंगूबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या दोघी धुरंधरांच्या रेखाटनांतून आजही भेटतात. मोबदला देऊन नमुन्यासाठी व्यक्ती आणणे सदैव परवडणारे नव्हते, शिवाय त्या काळच्या घरंदाज स्त्रीने चित्रकारापुढे बसणे समाजाला मानवणारे नव्हते. अशा वेळी घरातील माणसेच चित्रकाराची पाठशाळा झाली. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या, अंबाड्यातील फूल, काम करता करता कंबरेवर विसावलेला हात, ही जी जाण त्यांच्या स्त्रीचित्रांत ठायी ठायी दिसते, तिचे मूळ या घरगुती सरावात आहे.

शिक्षकाच्या पगाराला जोड होती ती मागणीनुसार करावयाच्या कामांची. संस्थानिक, न्यायाधीश, व्यापारी, सरकारी अधिकारी यांची व्यक्तिचित्रे धुरंधरांकडे येत राहिली. व्यक्तिचित्राचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. समोर बसलेल्या माणसाला स्वतःविषयी एक कल्पना असते, त्याच्या कुटुंबाला दुसरी आणि चित्रकाराच्या डोळ्याला तिसरेच काही दिसत असते. पगडीची घडी, उपरण्याची जर, छातीवरचे पदक हे सारे बिनचूक हवे. पण त्याखालचा माणूस हरवता कामा नये. छायाचित्रकारांची दुकाने मुंबईत जागोजागी उघडली होती. केवळ साम्य हवे असेल तर ते कॅमेरा स्वस्तात देत होता. म्हणून चित्रकाराला साम्याच्या पलीकडे काही द्यावे लागे. हे ‘पलीकडचे’ धुरंधरांना पेन्सिलीने मिळवून दिले. चेहरा वर्षानुवर्षे रोज रेखाटणाऱ्या हाताला समोरच्या माणसाचा स्वभाव लवकर उमगतो.

त्यांचा दिनक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. चित्रवही हाताशी असे. प्रवासात, फावल्या वेळी, घरी ते रेखाटत. झोपलेला प्रवासी, पाटी घेऊन जाणारी कामकरी स्त्री, देवळाच्या पायरीवर टेकलेला म्हातारा, खेळणारे मूल, कोणीही त्यांना वर्ज्य नव्हते. अनेक रेखाटनांवर तारीख आणि ठिकाण यांची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. त्यामुळे ही पाने एकापुढे एक ठेवली की एका माणसाची रोजनिशीच वाचत असल्यासारखे वाटते. या कामाला कोणी गिऱ्हाईक नव्हते. मागणीची चित्रे दिवसाचा बराच भाग घेत असताना उरलेल्या वेळात हा माणूस विनामागणी, विनामोबदला चित्रे काढत होता. गायकाने रियाज करावा तशी ही साधना होती. आणि रियाजाप्रमाणेच तिचे फळ मैफिलीत, म्हणजे मागणीच्या कामात, दिसे.

मात्र धुरंधरांनी आपली चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती ठेवली नाहीत, आणि त्यांचे मोठेपण येथेच ठळक होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्र असलेली टपालाची कार्डे लोकप्रिय झाली. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे या कार्डांवर आणली. नाना जातींची, नाना धंद्यांची ही माणसे थोड्या मिस्कीलपणे, पण कधीही तुच्छतेने न पाहता रंगवलेली आहेत. ज्या घरात तैलचित्र कधी पोहोचले नसते, तेथे टपालवाल्याने धुरंधरांचे चित्र पोहोचवले. रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी पौराणिक चित्रे केली. रेल्वेसाठी जाहिरातीची भित्तिपत्रके केली. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांविषयीचे पुस्तक १९१२ मध्ये आणि सी. ए. किंकेड यांचे मराठी कहाण्यांचे इंग्रजी पुस्तक १९१४ मध्ये निघाले, ते त्यांच्या चित्रांसह. ऑटो रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी तर त्यांनी ४८ चित्रे काढली. निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातींतील स्त्रियांचे पेहराव, दागिने आणि उभे राहण्याची लकब यांचे ते एक चित्ररूप दालनच आहे. शतकापूर्वीच्या लोकजीवनाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला आज या चित्रांकडे वळावेच लागते.

आपल्या पाठारे प्रभू समाजाचे विवाहसोहळे आणि चालीरीती यांवरही त्यांनी चित्रे केली. शिवकालातील प्रसंग हा त्यांचा आणखी एक आवडीचा विषय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे आश्रयदाते होते. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आजही आहेत. नव्या दिल्लीची उभारणी चालू असताना सचिवालयाच्या भिंती सजवण्याचे काम देशातील निवडक चित्रकारांना देण्यात आले. १९२९ च्या सुमारास न्याय या विषयावरील भित्तिचित्रे धुरंधरांनी केली. कागदाच्या चिठोऱ्यावर बोटभर आकृती काढणारा हात त्याच सहजतेने भिंत व्यापू शकला, याचेही श्रेय रेखाटनाच्या पक्क्या पायालाच द्यावे लागेल.

कलाशाळेतही त्यांचा अधिकार वाढत गेला. ग्रिफिथ्स यांच्यानंतर आलेल्या एकामागून एक ब्रिटिश प्रमुखांच्या हाताखाली त्यांनी काम केले. सिसिल बर्न्स आणि ग्लॅडस्टन सॉलोमन हे त्यांतील दोन. प्रमुख बदलत, शिकवण्याची धोरणे बदलत. धुरंधरांचा वर्ग मात्र चालू राही. सा. ल. हळदणकर यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले चित्रकार याच काळात या शाळेत घडले. ज्या देशातील मुलांना शिकवावयाचे त्या देशातील माणसाला शाळेच्या प्रमुखपदी बसवण्यास सरकारने फार वर्षे घेतली. अखेर १९३० मध्ये धुरंधरांकडे संचालकपदाची हंगामी सूत्रे आली आणि या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले. तोवर त्यांची निवृत्ती दाराशी येऊन ठेपली होती. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्यापासून मोजली तर या वास्तूत त्यांची ४१ वर्षे गेली होती. या वर्षांची हकिगत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनात सांगितली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मुंबईतील कलाशिक्षणाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे.

सरकारने रावबहादूर हा किताब दिला, संस्थानिकांनी मान दिला, सामान्य माणसाने प्रेम दिले. तरी कलाजगताचा निकाल मात्र प्रतिकूल जाऊ लागला होता. स्वदेशीच्या वाऱ्यांबरोबर बंगालमध्ये नवी चित्रशैली उदयास आली होती आणि मुंबईच्या वास्तववादी पद्धतीवर परक्यांच्या अनुकरणाचा शिक्का बसला होता. पुढे १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे तरुण चित्रकार पुढे आले आणि त्यांना हुबेहूबपणाचे ओझेच झुगारून द्यावयाचे होते. या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये धुरंधरांसारखा चित्रकार कोठेच बसत नव्हता. एका बाजूस ते पुरेसे भारतीय नव्हते, दुसऱ्या बाजूस पुरेसे आधुनिक नव्हते. शिवाय त्यांनी मागणीनुसार चित्रे काढली, जाहिराती केल्या, कार्डे छापली, हा दोष होताच. ज्याने आपल्या लोकांचे चेहरे सर्वाधिक आपुलकीने रेखाटले, त्यालाच परका ठरवण्याची ही विसंगती होती.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिकाताई याही याच कलाशाळेतून शिकलेल्या चित्रकार. स्त्रियांनी कलेची पदविका घेणे विरळाच होते, त्या काळात त्यांनी ती मिळवली. वडिलांची चित्रे, चित्रवह्या आणि रेखाटने त्यांनी मुंबईतील खार येथील घरी अनेक दशके जिवापाड जपली. लोकांना विसर पडला होता, पण घराला पडला नव्हता. २००९ मध्ये अंबिकाताईंचे निधन झाले. पुढे २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कार्याचा समग्र आढावा घेणारे प्रदर्शन भरले. चित्रकार आणि कलाअभ्यासक सुहास बहुळकर यांनी त्याची मांडणी केली होती. मृत्यूनंतर तब्बल ७४ वर्षांनी मुंबईने आपला हा चित्रकार पुन्हा पाहिला.

दरबारी तैलचित्रांतील अनेक मानकरी आज विस्मृतीत गेले आहेत. त्यांची नावे पितळी पाटीवर वाचावी लागतात. परंतु कोणीही मागणी न केलेली पेन्सिलीची रेखाटने, त्यांतील तो डुलकी घेणारा प्रवासी आणि ती पाटीवाली स्त्री, ओळखीची वाटतात. तरीही ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. मागणीच्या कामाने घर चालवले आणि रोजच्या रेखाटनाने हात जिवंत ठेवला. एकाने दुसऱ्याला पोसले. गिऱ्हाइकाचे काम करूनही नजर स्वतंत्र ठेवता येते आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, कागद, पेन्सिल आणि न चुकता रोज बसण्याचा निग्रह पुरतो, हेच धुरंधरांचे आयुष्य सांगते. दिग्रसला किंवा आणखी कोठे, कोणाच्या दिवंगत वडिलांचा चेहरा कागदावर उतरवण्यासाठी जो पेन्सिलीला टोक काढत असेल, त्याने स्वतःला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. ज्या वाटेवर तो उभा आहे, त्या वाटेवरून रावबहादूर धुरंधर पन्नासाहून अधिक वर्षे चालले होते.