चांदबिबी सुलताना

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही कन्या विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली पतीचा खून झाला आणि बालराजा इब्राहिमचा सांभाळ तिच्याकडे आला. दरबारी कारस्थानांपायी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगावी लागली. १५९५ मध्ये नगरच्या गादीसाठी सरदारांत तट पडले. मियाँ मंजूने तर मोगलांनाच बोलावले. चांदबिबीने आपल्या भावाचा बालनातू बहादूर याचा हक्क उचलून धरला व शहजादा मुरादशी किल्ला लढविला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन वेढा उठला. १६०० साली पुन्हा मोगल आले. ती तहाचा विचार करते म्हणून फितुरीचा आळ घेऊन स्वकीयांनीच तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. घर फुटल्यावर तटबंदी काय कामाची, हे आपल्या मुलामुलींनी ध्यानी ठेवावे.