अज्ञानाने दृष्टी हिरावलेला शिक्षणमंत्री

नाईलकाठच्या एका खेड्यात तीन वर्षांच्या मुलाचे डोळे आले. डॉक्टर बोलावण्याची रीत नव्हती. गावच्या न्हाव्याने उपचार केले आणि मुलाची दृष्टी कायमची गेली. पुढे हाच मुलगा इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला. आधुनिक अरबी साहित्यातील अग्रणी लेखक ताहा हुसेन यांची ही जीवनकहाणी.

त्यांचा जन्म १८८९ मध्ये मिन्या प्रांतातील मघाघाजवळ, मोठ्या कुटुंबात झाला. लहानपणीच कुराण मुखोद्गत करून १९०२ मध्ये ते कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात दाखल झाले. मात्र, पाठांतरावर भर देणाऱ्या तेथील अध्यापनाशी त्यांचे जमले नाही; अंतिम पदवीही मिळाली नाही. १९०८ मध्ये सुरू झालेल्या इजिप्शियन विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मात्र १९१४ मध्ये त्यांनीच मिळविली. विषय होता अंध अरबी कवी अल-मआर्री. त्यानंतर फ्रान्समध्ये त्यांनी इब्न खल्दून या इतिहासकारावर प्रबंध लिहिला. तेथे त्यांना पुस्तके वाचून दाखविणाऱ्या सुझान यांच्याशी १९१७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

मायदेशी परतून ते प्राध्यापक झाले. १९२६ मध्ये त्यांच्या एका ग्रंथाने वादळ उठले. इस्लामपूर्व म्हणून ओळखली जाणारी बहुतांश कविता नंतरच्या काळात रचली गेली, असे प्रतिपादन त्यांनी केले होते. धर्मग्रंथातील कथांकडेही त्यांनी इतिहासाच्या कसोटीवर पाहिले. तक्रारी झाल्या, प्रकरण संसदेत गाजले आणि पुस्तक मागे घ्यावे लागले. सरकारी वकिलांनी १९२७ मध्ये प्रकरण बंद केले. त्याच वर्षी वादग्रस्त भाग वगळून ग्रंथ नव्या नावाने निघाला.

त्याच सुमारास 'अल-हिलाल' मासिकातून त्यांचे आत्मकथन 'अल-अय्याम' (दिवस) क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहिताना त्यांनी खेड्यातील अज्ञानाचे निर्मम चित्र रेखाटले. डॉक्टरला न दाखविता दगावलेली धाकटी बहीण आणि कॉलऱ्याने हिरावलेला तरुण भाऊ त्यात आहेत. कोणावरही थेट आरोप न करता त्यांनी साऱ्या समाजव्यवस्थेवर बोट ठेवले.

सत्तेपुढेही ते नमले नाहीत. राजकारण्यांना मानद पदव्या देण्यास कला शाखेचे अधिष्ठाता या नात्याने त्यांनी नकार दिला. परिणामी सिद्की सरकारने १९३२ मध्ये त्यांना पदावरून दूर केले. निषेधार्थ कुलगुरू अहमद लुत्फी अल-सय्यद यांनी राजीनामा दिला. पुढे गोरगरिबांच्या हालअपेष्टांवरील त्यांच्या कथासंग्रहावर इजिप्तमध्ये बंदी आली. तो लेबनॉनमधून छापून घ्यावा लागला.

१९५० मध्ये वफ्द पक्षाच्या सरकारात ते शिक्षणमंत्री झाले. हवा-पाण्याइतकाच शिक्षणावर प्रत्येकाचा हक्क आहे, ही भूमिका मांडत त्यांनी माध्यमिक शिक्षण निःशुल्क केले. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार त्यांना मरणोत्तर प्रदान करण्यात आला.

ज्या अज्ञानाने त्यांचे डोळे नेले, त्याच्याशीच ते आयुष्यभर लढले. प्रथम लेखणीने आणि संधी मिळताच सरकारी निर्णयाने.