नानाभाई मूस

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणजे नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस. त्यांचा जन्म १८५९ साली झाला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते एडिंबरोला गेले आणि विज्ञानाची पदवी संपादून परतले. १८९६ साली वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

टांगलेला चुंबक वरवर स्थिर दिसतो. परंतु तो अहोरात्र किंचित हलत असतो. त्यावरील आरशातून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या कागदावर रेघ उमटवी. अशा आकड्यांचा ओघ कधी थांबत नसे. त्यांतले नित्याचे कोणते आणि विलक्षण कोणते? वर्गातील मुले उंचीप्रमाणे रांगेत उभी केली, की मधला कोण आणि टोकाचे कोण, हे तत्काळ कळते. आकड्यांचेही तसेच आहे. मात्र सर्वांची उंची एकाच पट्टीने मोजलेली हवी!

हीच पट्टी बिघडण्याचा प्रसंग आला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेच्या प्रवाहाने चुंबक ढळला असता आणि ट्रामचा परिणाम कोणता व पृथ्वीचा कोणता, हे ओळखणे अशक्य झाले असते. नगराला ट्राम हवी होती. शास्त्राला शुद्ध वेध हवे होते. नानाभाईंनी समुद्रापलीकडील अलिबागची जागा निवडली. तेथील इमारत पोरबंदरी दगडाची केली व लोखंड कटाक्षाने वर्ज्य केले. तरीही त्यांनी घाई केली नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांनी जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड घातली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागचे वेध निर्विघ्नपणे चालू होते.

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचा ग्रंथ त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केला. अनेक चुंबकीय वादळांचे आकडे आरंभापासून तासातासाने जुळवून वादळाचे सर्वसाधारण स्वरूप त्यांनी दाखवून दिले. १९३६ साली ते निवर्तले.

आज संगणकयंत्रे, सारे आकडे साठवून न ठेवताही, वाहत्या ओघातून मधला आकडा व टोकाचे आकडे यांचा क्षणोक्षणी अंदाज बांधतात. परंतु ओघच गढूळ असेल, तर यंत्र तरी काय करणार? तो निर्मळ राखण्यासाठी नानाभाईंनी चुंबकत्वाचे वेधच समुद्रापार नेले.