अल्पायुषी धावपटू : स्टीव्ह प्रीफाँटेन

क्रिकेटच्या सामन्याला गर्दी लोटते, कबड्डीच्या मैदानाभोवती आरोळ्या घुमतात. पण क्रॉसकंट्री पाहायला कोण जातो? गवत, चिखल, चढउतार तुडवीत काही मैल धावायचे, तेही बहुधा प्रेक्षकांवाचून. वरवर एकट्याचा वाटणारा हा खेळ खरे तर सांघिक आहे. प्रत्येक संघाच्या पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि जिची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी ठरतो. या खेळाने घडवलेल्या, आपल्यासारख्याच एका कॉलेजविद्यार्थ्याची ही जीवनकथा.

स्टीव्हचा जन्म २५ जानेवारी १९५१ रोजी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील कूस बे या लाकूडव्यापाराच्या बंदरगावी झाला. वडील कष्टकरी कारागीर, आई जर्मन, शिवणकाम करणारी. अंगाने लहानखुरा असल्यामुळे फुटबॉल व बास्केटबॉलमध्ये त्याच्या वाट्याला बहुधा बाकावर बसणेच येई. धावण्यात मात्र चिकाटीला किंमत होती. मार्शफील्ड हायस्कूलमध्ये शेवटच्या दोन वर्षांत तो क्रॉसकंट्रीत अजिंक्य राहिला आणि १९६९ मध्ये त्याने दोन मैल ८ मिनिटे ४१.५ सेकंदांत धावून शालेय राष्ट्रीय उच्चांक केला.

अनेक विद्यापीठांची आमंत्रणे असताना त्याने घराजवळच्या युजीन गावातील ऑरेगन विद्यापीठ निवडले. तेथे बिल बॉवरमन आणि बिल डेलिंजर हे गुरू लाभले. पहिल्याच वर्षी, १९६९ मध्ये, विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत तो तिसरा आला. पुढे १९७०, १९७१ व १९७३ साली त्याने ती जिंकली. त्यांपैकी १९७१ व १९७३ मध्ये त्याचा संघही विजयी ठरला. १९७३ च्या स्पोकेन येथील शर्यतीत इंग्लंडचा निक रोज बराच पुढे निघून गेला होता. प्रीफाँटेनने जिद्द न सोडता ते अंतर तोडले आणि अखेरीस त्याला मागे टाकले.

इतरांच्या मागे दबा धरून शेवटच्या फेरीत झेप घेणे त्याला मानवत नसे. पुढे राहायचे, सगळ्यांना दमवायचे, ही त्याची रीत. याच रीतीने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याचा घात केला. पाच हजार मीटरच्या संथ चाललेल्या अंतिम शर्यतीत शेवटचा मैल उरला असता त्याने वेग वाढवला. फिनलंडचा लासे व्हिरेन आणि ट्युनिशियाचा गामूदी पुढे गेले. आणि अगदी रेषेजवळ, पाय जड झालेले असताना, ब्रिटनच्या इयान स्ट्युअर्टनेही त्याला गाठले. चौथा क्रमांक! पदक हुकले. वय अवघे एकवीस.

पुढची झुंज मैदानाबाहेरची होती. त्या काळी हौशी खेळाडूने धावण्याचे पैसे घेतले की तो ऑलिंपिकला मुकत असे. अमेरिकेतील हौशी क्रीडासंघटना खेळाडूंनी कोठे धावावे हे ठरवी, हाती मात्र दिवसाला तीन डॉलर भत्ता ठेवी. प्रीफाँटेनने दोन लाख डॉलरचा व्यावसायिक करार नाकारला आणि पोटासाठी दारूच्या गुत्त्यात नोकरी केली. पण तो गप्प बसला नाही. या अन्यायाविरुद्ध त्याने जाहीरपणे आवाज उठवला आणि १९७५ मध्ये स्वतःच पुढाकार घेऊन फिनलंडच्या खेळाडूंना ऑरेगनमध्ये आणले.

त्याच दौऱ्यात २९ मे १९७५ रोजी युजीनच्या हेवर्ड फील्डवर त्याने पाच हजार मीटर १३ मिनिटे २३.८ सेकंदांत जिंकले. रात्री मेजवानी झाली. मित्र फ्रँक शॉर्टरला सोडून परतताना स्कायलाइन बुलेव्हार्डवर त्याची मोटार खडकावर आदळून उलटली. पोलिसांच्या तपासणीत त्याच्या रक्तात मद्याचा अंश आढळला. पुढे त्याबद्दल वाद झाला. चोविसाव्या वर्षी हा दिवा विझला. दोन हजारपासून दहा हजार मीटरपर्यंतचे अमेरिकन उच्चांक त्या वेळी त्याच्याच नावावर होते.

तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेत नवा क्रीडा कायदा झाला आणि त्या संघटनेची सत्ता संपली. ते फळ पाहायला तो नव्हता. अपघाताच्या जागी धावपटू आपली पदके, बूट, छातीवरचे क्रमांक ठेवून जातात. त्यांतले बरेचजण कधीच पहिले आले नसतील. पण क्रॉसकंट्रीत पाचव्या गड्याच्या धापाही बेरजेत धरल्या जातात. प्रीफाँटेन पहिला येत असे, तरी भांडला तो अशा सर्वांसाठी.