पुराव्याने लढणारा वकील : चार्ल्स ह्यूस्टन

अन्याय झाला हे सांगणे सोपे. तो सिद्ध करणे कठीण. नोकरीच्या बाबतीत तर अधिकच कठीण, कारण कातडीचा रंग पाहून कामावरून दूर केले, असे कोणताही मालक कबूल करीत नाही. हे अवघड काम अंगावर घेणारे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वकील म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन.

३ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. वडील कारकुनी करता करता रात्रीच्या वर्गांत कायदा शिकले व वकील झाले. पहिल्या महायुद्धात चार्ल्स सैन्यात अधिकारी होते. परंतु स्वतःच्याच देशाच्या गोऱ्या सैनिकांकडून त्यांना अपमान सोसावे लागले. कायदा शिकून आपल्या बांधवांसाठी लढायचे, हा निश्चय तेथेच झाला. हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी वकिलांची एक पिढी घडविली. थरगूड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी.

त्यांच्या पद्धतीचा कस लागला तो रेल्वेच्या खटल्यात. बेस्टर स्टील हे लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत इंजिनावर फायरमन होते. फायरमनांच्या संघटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते. तरीही बहुमतामुळे कायद्याने तीच सर्वांची प्रतिनिधी ठरली होती. १९४१ साली तिने कंपनीशी करार करून कृष्णवर्णीय फायरमनांचे प्रमाण निम्म्यावर जाऊ नये, असे ठरविले. स्टील यांची चांगली जागा गेली, तेथे त्यांच्याहून कनिष्ठ गोरे कामगार आले आणि स्टील यांच्या वाट्याला अधिक कष्टाचे, कमी पगाराचे काम आले.

ह्यूस्टन कोणाच्या मनात काय होते, हे शोधीत बसले नाहीत. त्यांनी करार पुढे ठेवला, सेवाज्येष्ठता दाखविली, कामात कोठे उणेपणा नव्हता हे मांडले. अलाबामाच्या न्यायालयात हार झाली. पण १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. जी संघटना सर्वांच्या वतीने बोलते, तिने सभासद नसलेल्यांशीही भेदभाव न करता वागले पाहिजे, असे ठरले. मात्र संघटनेचे दार त्या निकालानेही उघडले नाही. नोकरीतील वर्णभेदाला बंदी घालणारा व्यापक कायदा १९६४ साली झाला. तो पाहण्यास ह्यूस्टन नव्हते. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांच्यापासून एवढे तरी घ्यावे : संताप विझू देऊ नये, पण त्याच्या हाती कागद द्यावा.